फळीवरची वर्तुळं

बाहेरच्या खोलीतल्या कपाटाला चार फळ्या होत्या आणि प्रत्येक फळीवर सहा बरण्या. चोवीसच्या चोवीस एकाच काचवाल्याकडून एकाच दिवशी आणलेल्या, एकीला झाकावं नि दुसरीला काढावं अशा. आणि एकीवरही चिठ्ठी नव्हती.

वैद्यबुवांना कुणी याबद्दल विचारलं तर ते मिशीत हसायचे. "चिठ्ठी लावली की विद्या गेली," म्हणायचे. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

ती मूठ त्यांनी बायकोपुढेही उघडली नाही. लग्न होऊन त्या या घरात आल्या, त्याच आठवड्यात बुवांनी त्यांना कपाट शिकवलं. पण नावांनी नाही, जागांनी. दुसरीची पाचवी म्हणजे दुसऱ्या फळीवरची डावीकडून पाचवी. "तिसरीची दुसरी, सपाट चमचा." "पहिलीची चौथी चिमूटभर, आणि वर दुसरीची पाचवी." एक्केचाळीस वर्षं हेच. बाकीचे नवराबायको संसारात काय काय बोलतात. या दोघांचं निम्मं बोलणं आकड्यांत झालं. कुटणं आणि चाळणं बुवा स्वतः करायचे, मागच्या खोलीचं दार आतून लावून. दार उघडलं की बरणी भरलेली असायची. गल्ली त्यांच्या बायकोला वैद्यीणबाई म्हणायची, आणि ऐकून ऐकून बाईंनाही वाटायला लागलं होतं, की आपल्याला बरंच काही येतं.

चूक होण्याची भीती तशी नव्हतीच. इतक्या वर्षांत प्रत्येक बरणीखाली लाकडावर एक वर्तुळ उमटलं होतं. पूड कितीही जपून काढली तरी थोडी सांडते, हाताच्या घामाने बुडाला चिकटते, लाकडात मुरते. कुठलं वर्तुळ पिवळसर, कुठलं विटेसारखं तांबडं, कुठलं तेलकट काळं. आणि तोच रंग बरणीच्या बुडालाही चढलेला. पुसायला बरणी उचलायची, बूड बघायचं, वर्तुळ बघायचं, जुळवून ठेवून द्यायची. एका वेळी एक. दुसरी उचलायची ती पहिली जागेवर बसल्यावरच.

फक्त एका बरणीबद्दल बुवा कधी काही बोलले होते. चौथीची सहावी, खालच्या फळीच्या उजव्या कोपऱ्यातली. नवीन नवीन होत्या तेव्हा बाईंनी तिच्यातला लेप कालवला आणि तेच बोट डोळ्याकडे नेलं. बुवांनी मनगट धरलं.

"ही पोटात जायची नाही. तोंडाला लागायची नाही. गुडघ्याला, कमरेला, बाहेरूनच. आणि हात धुवायचे."

बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या होत्या, मग ती बधिर झाली. बाईंनी विचारलं, "आहे तरी काय यात?"

"कोपऱ्यातली बरणी आहे," बुवा म्हणाले आणि हसले.

तेव्हा बाईही हसल्या होत्या. पुष्कळ वर्षांनी त्यांना त्या हसण्याचा राग आला, पण ज्याच्यावर रागवायचं तो माणूस तोवर राहिला नव्हता.

बुवा गेले त्याला आता दोन वर्षं झाली होती. पहिला महिनाभर माणसं भेटायला आली आणि जाताना हळूच कपाटाकडे बघत राहिली. बाई म्हणायच्या, "आता बंद." मग शिवणबाईने एक दिवस पोट धरून दारातच बसकण मारली. "तुम्ही नाही म्हणालात तर मी जाऊ कुठे?" म्हणाली. बाईंनी पुड्या बांधताना हजारदा पाहिलं होतं. बांधून दिली. बरण्या मोठ्या होत्या, माणसं थोडी. साठा पुरत होता.

आणि पुडी घ्यायला माणूस आलं की चहा होतो. चहा झाला की बोलणं होतं.

सोमवारी शिवणबाई यायची, पोटासाठी. कुणाची कंबर किती वाढली आणि कोण अजून जुनंच माप सांगतं, हे सगळं तिच्याकडून कळायचं. बुधवारी पहिलवान. हा मूळचा टपाल कचेरीतला कारकून, अंगाने काडी. कुठल्याशा तरुणपणी एकदा कुस्ती लावून हरला होता, तेवढ्यावर नाव पडलं ते पडलंच. त्याला गुडघ्याच्या लेपाची पूड लागायची. आणि गुरुवारी चार वाजता घड्याळजी, जुन्या खोकल्यासाठी. घड्याळजी कमी बोलायचे. तेही एकटेच. अर्धा तास बसायचे, चहा घ्यायचे आणि निघताना आपलं मनगट वर करून बाईंच्या भिंतीवरचं घड्याळ बघायचे. "बरोबर आहे," म्हणायचे. ते नेहमीच बरोबर असायचं. तरी बाई दर गुरुवारी त्या निकालाची वाट बघायच्या.

बाकीचे दिवस बोलायला माणूस औषधालाही सापडत नसे.

रविवारी मुलीचा फोन यायचा, दूरवरून. "आई, त्या पुडीत काय असतं तुला तरी माहीत आहे का?"

"तुझ्या बाबांना माहीत होतं."

"बाबांना विचारायला कुठे जाऊ आता? उद्या कुणाला काही झालं म्हणजे?"

"जागा बरोबर देतेय ना मी?"

"जागेने खोकला बरा होतो का गं?"

"तुझा चहा निवतोय," बाई म्हणायच्या आणि मुलीला कळायचं की हे बोलणं इथे संपलं.

त्या वर्षी बाहेरच्या खोलीच्या भिंतीला ओल आली, पोपडे कपाटावर पडायला लागले, म्हणून बाईंनी रंगारी बोलावला. पन्नाशीतला माणूस, एका कानावर ब्रश आणि दुसऱ्या कानावर पेन्सिल, तोंड अखंड चालू. बाईंनी स्वतः एकेक बरणी काढून खिडकीखाली वर्तमानपत्रावर मांडली. चार ओळी, ओळीत सहा. कपाटच जणू आडवं झोपवलं. रंगाऱ्याला बजावलं, "याला हात लावायचा नाही."

"मावशी, मी तुमच्या सावलीलासुद्धा हात लावणार नाही," तो म्हणाला.

दीड दिवसात भिंत झाली. त्या दीड दिवसात बाईंनी त्याची सगळी कुळकथा ऐकली. त्याची सून मुकी नव्हती पण त्याच्याशी बोलायची नाही. त्याने तिच्या खोलीला तिला नको तो हिरवा दिला होता म्हणे. बाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. दुपारी दोघं एकाच टेबलावर जेवली. समोरच्या ताटात दुसऱ्या कुणाचा हात हलतो आहे, हे बघून किती महिने झाले होते, याचा हिशेब बाईंनी केला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो डबे आवरायला लागला. बाई म्हणाल्या, "फळ्यापण रंगवून टाक."

"फळ्या? कशाला मावशी? जुनं लाकूड आहे, कसं गुळगुळीत झालंय. रंग मारलात तर रडेल ते."

"रडू दे. दोन हात मार."

दोन हात म्हणजे आणखी दोन दिवस. हे त्यालाही कळलं असावं. कारण त्याने डबे पुन्हा खाली ठेवले आणि म्हणाला, "घरी तरी कोण वाट बघतंय."

वर्तुळांचा विचार बाईंच्या मनात आला नाही असं नाही. आला. पण बरण्या खाली ओळीने मांडलेल्या होत्याच. तशाच उचलून तशाच ठेवायच्या. त्यात काय.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या कोपऱ्यावरच्या पाववाल्याकडे बिस्किटं आणायला गेल्या. घरात बिस्किटं होती, पण साधी होती. लोणी घातलेली ताजी निघेपर्यंत थांबल्या, त्यात पाऊण तास गेला. परत आल्या तेव्हा खिडकीखाली शिडी उभी होती आणि बरण्या आतल्या खोलीत भिंतीला टेकून एका लांब रांगेत बसल्या होत्या, पलटणीसारख्या. भरलेल्या एका टोकाला, रिकाम्या होत आलेल्या दुसऱ्या टोकाला.

"शिडीला जागा हवी होती," रंगारी म्हणाला. "आणि मावशी, बुडं काय मळली होती! सगळी सोड्याने घासली. बघा, आरसा."

बाई रांगेपाशी वाकल्या. "कशा उचलल्यास?"

"एकेक करून. अगदी तान्ह्या पोरासारख्या."

"कुठली कुठे होती, ते?"

त्याने कपाळावर आठी घातली, रांगेकडे बघितलं आणि मग बाईंच्या हातातल्या बिस्किटांच्या पिशवीकडे. "औषधंच ना सगळी? तुम्हाला काय, डोळे झाकून ओळखता येतील. इतक्या वर्षांच्या वैद्यीणबाई तुम्ही."

तिथेच बाईंना म्हणता आलं असतं, की नाही रे बाबा, मला नाही येत ओळखता. तोंडापर्यंत आलं होतं. पण त्याने इतक्या प्रेमाने बुडं घासली होती, आणि चहाला आधण ठेवायचं होतं. त्या "हो" म्हणाल्या.

तो शुक्रवारी गेला. शनिवार-रविवार बाई बरण्यांपुढे बसून होत्या. रंगाने, वासाने, बोटावर कोरडीच घासून एकोणीस ओळखल्या. त्यांची खात्री होती. पाच राहिल्या. पाचही तपकिरी, पाचही मातकट, वास असून नसल्यासारखा. त्यांतली एक कोपऱ्यातली. बाईंनी त्या पाच कितीदा पुढेमागे केल्या. शेवटी एक जरा करडी दिसली, ती कोपऱ्यात ठेवली. उरलेल्या चार मनाला येईल तशा बसवल्या. फळ्या पांढऱ्याशुभ्र झाल्या होत्या, कुठे डाग म्हणून नव्हता. त्या पांढऱ्याकडे बघवेना म्हणून त्यांनी कपाट लावून घेतलं.

रविवारी मुलीने विचारलं, "रंग छान झाला का?"

"फार छान झाला," बाई म्हणाल्या.

सोमवारी शिवणबाई येऊन पुडी घेऊन गेली. बुधवारी पहिलवान. गुरुवारी घड्याळजींनी चहा घेतला, रंग बघितला, भिंतीवरचं घड्याळ बरोबर आहे म्हणाले आणि सात संध्याकाळच्या सात पुड्या खिशात घालून गेले.

शनिवारी अकराच्या सुमाराला पहिलवान आला. त्याचा वार नव्हता. दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

"काय वैद्यीणबाई, माती विकायला काढलीत वाटतं?"

"का रे?"

"अहो, तीन दिवस लावतोय. पूर्वी कशा पाच मिनिटांत गुडघ्याला मुंग्या यायच्या, मग छान बधिर. आता काही नाही. नुसता चिखल. बायको म्हणते, याने भांडी घासू का?"

तो हसत होता. बाईंनी हसण्याकरता तोंड उघडलं ते तसंच राहिलं. कोपऱ्यातली बरणी कोपऱ्यात नव्हती. म्हणजे ती दुसऱ्या कुठल्या तरी जागेवर बसली होती, आणि त्या दुसऱ्या जागेची पूड पोटात जाते.

"पहिलवान, तू जा घरी. ती पूड फेकून दे. मी येते सांगायला."

"चहा?"

"आज नाही."

पहिलवान गोंधळून निघून गेला. चहाशिवाय त्या घरातून तो पहिल्यांदाच जात होता.

बाईंनी कपाट उघडलं, त्या पाच बरण्या टेबलावर घेतल्या आणि बाही वर सारली. म्हातारपणी मनगटाच्या आतली कातडी कागदासारखी होते. त्यावर त्यांनी चार बोटांच्या अंतराने चार ओल्या चिमटी चोळल्या. कोपऱ्यातली तर पहिलवानाच्या गुडघ्याने तपासलीच होती. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसल्या. पाच मिनिटं काही नाही. सात. नवव्या मिनिटाला तिसऱ्या ठिपक्याखाली मुंग्या चालायला लागल्या. बाईंनी त्यावर नख दाबलं. कळलंच नाही.

ती तिसरीच्या दुसऱ्या जागेवरची बरणी होती. तिसरीची दुसरी, सपाट चमचा. खोकला.

बरणी टॉवेलात गुंडाळून त्या निघाल्या. घड्याळजींचं दुकान तीन गल्ल्या पलीकडे आहे एवढं त्यांना माहीत होतं. इतक्या वर्षांत त्या कधी तिकडे गेल्या नव्हत्या. लोक त्यांच्याकडे यायचे, त्या कुणाकडे जायच्या नाहीत. वैद्याच्या घरच्या माणसाने विनाकारण कुणाच्या दारात जाऊ नये, लोकांना शंका येते, असं बुवा म्हणायचे. दुकानाचं दार बंद होतं. काचेमागे पंचवीस-तीस घड्याळं चालू होती, कुठल्याच दोन घड्याळांचं एकमत नव्हतं.

शेजारी दुसरा एक पाववाला होता. "कालपासून उघडलं नाही," तो म्हणाला. "वरच राहतात. मागून जिना आहे."

दार नुसतं लोटलेलं होतं. घड्याळजी खाटेच्या कडेला बसले होते, खाली बादली, ओठ पांढरे. त्यांनी वर बघितलं आणि इतक्या हळू बोलले की बाईंना जवळ जावं लागलं.

"तुम्ही? इथे?" मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "हे चुकतंय. दोन ठोके, मग थांबतंय. मग तीन एकदम."

"पुडी घेतलीत?"

"गुरुवारी एक. आज सकाळी अर्धी."

बाईंनी जिन्यावरून पाववाल्याला अशी हाक मारली, की त्यांचा तो आवाज कुणी आधी कधी ऐकला नव्हता. पाववाल्याने पावांच्या लाद्या रस्त्यावरच उतरवल्या आणि गाडी रिकामी केली. मागे पिठाच्या धुरळ्यात बाई घड्याळजींचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. त्यांचं मनगट धरलं होतं. बाईंना नाडी बघता यायची नाही. तरी त्या मोजत राहिल्या.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती, मुलीपेक्षाही लहान. घड्याळजींच्या छातीला तारा लावता लावता तिने विचारलं, "काय घेतलंय यांनी?"

"पुडी. माझ्याकडची."

"कशाची?"

"कोपऱ्यातली बरणी."

"कोपऱ्यातली म्हणजे?"

"चौथ्या फळीवरची सहावी. ती तिसऱ्या फळीवर गेली होती."

"आजी, फळी नको. वनस्पतीचं नाव सांगा. लवकर."

 एक्केचाळीस वर्षांचे सगळे आकडे बाईंच्या तोंडात जमा झाले होते आणि त्यांतला एकही उपयोगाचा नव्हता. आजूबाजूला दोन परिचारिका, दारात पाववाला, सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "मला कधीच माहीत नव्हतं. पण ही बरणी आहे. बाहेरून लावायची. बोटाला लागली की मुंग्या येतात, मग बधिर होतं. हे बघा." आणि त्यांनी बाही वर सारून मनगट पुढे केलं. तिसरा ठिपका लाल झाला होता.

डॉक्टरणीने मनगट बघितलं, बरणीतली पूड कागदावर घेतली, तारांच्या यंत्राकडे बघितलं. "बचनाग," ती परिचारिकेला म्हणाली. "तेच धरून चाला." मग बाईंकडे वळून, रागावून नाही, पण एकेक शब्द तोडत म्हणाली, "आजी, हे मुळात विष आहे. जाणकार माणसंसुद्धा शुद्ध केल्याशिवाय हात लावत नाहीत. तुम्ही बाहेर बसा."

बाई बाकावर बसल्या. बचनाग. त्यांनी तो शब्द मनातल्या मनात दोनतीनदा म्हणून बघितला. लहानपणी कुणाच्या तरी गोष्टीत ऐकला होता. इतकी वर्षं तो त्यांच्या घरात, त्यांच्या हाताखाली राहत होता, आणि त्याचं नाव एका परक्या पोरीने सांगावं.

संध्याकाळपर्यंत घड्याळजींचं हृदय वळणावर आलं. एक पुडी आणि अर्धी. पूर्ण दुसरी घेतली असती तर सांगता आलं नसतं, असं डॉक्टरीण म्हणाली.

रविवारी बाई शिवणबाईकडे गेल्या. तिची पुडी निर्धोक निघेल असं त्यांना वाटत होतं, पण वाटण्यावर आता त्यांचा विश्वास नव्हता. शिवणबाई शिवणयंत्राशी बसली होती. सगळं ऐकून घेईपर्यंत तिने पायडल थांबवलं नाही. मग एकदम थांबवलं.

"म्हणजे दोन वर्षं तुम्ही मला काय खायला घातलंत, ते तुम्हालाच माहीत नाही?"

"नाही."

"मला बरं वाटायचं हो!" ती ओरडलीच. बरं वाटायचं याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला होता. फळीवरच्या डब्यातून पुड्या काढून तिने बाईंच्या हातात कोंबल्या. "आणि मी गल्लीभर सांगत फिरले, वैद्यीणबाईंच्या हाताला गुण आहे म्हणून."

पहिलवानाच्या बायकोने दार अर्धंच उघडलं. तिला गोष्ट आधीच कळली होती. "पूड फेकली," एवढंच म्हणाली आणि दार लावून घेतलं.

सोमवारी बाई घड्याळजींच्या खाटेशी बसल्या होत्या. त्यांना आता बसता येत होतं. 

"तुम्हाला एक सांगायचंय," बाई म्हणाल्या. "त्या कपाटातलं एकही नाव मला माहीत नाही. फक्त जागा."

"एकही?"

"एकही."

"बुवांनी सांगितलं नाही?"

"नाही."

"आणि तुम्ही विचारलं नाहीत?"

"एकदा विचारलं होतं."

घड्याळजींनी खिडकीकडे तोंड केलं. "पहिल्या पुडीला जीभ बधिर झाली. ओकलो. शुक्रवारी उठवेना. तरी शनिवारी सकाळी घेऊ का नको, असं झालं. अर्धी घेतली ती का, सांगू? म्हटलं, वैद्यीणबाईंनी जाणूनबुजून जोराची दिली असणार. त्यांना कळतं. उगीच का देतील."

 बाईंनी आणलेली फळं टेबलावर ठेवली आणि त्या घरी आल्या.

डॉक्टरणीने पाठवलेला माणूस चोवीसच्या चोवीस बरण्या खोक्यांत भरून घेऊन गेला. पंधरा दिवसांनी टंकलेला एक कागद आला. बाईंनी चष्मा लावला आणि रिकाम्या कपाटासमोर उभ्या राहून तो मोठ्याने वाचला. सुंठ. ज्येष्ठमध. अडुळसा. हळद. पुन्हा सुंठ. बडीशेप. स्वयंपाकघरातलीच नावं, पण इतकी वर्षं आकडा ऐकल्यावर नाकाने नाव विचारलंच नव्हतं. दोन बरण्यांना कीड लागलेली, एकीत बुरशी. एकीत नुसती भाजलेल्या गव्हाची पूड. गव्हाच्या पुडीपाशी बाई थांबल्या. ही कुठली असेल? दुसरीची पाचवी? बुवा सगळ्यांनाच दुसरीची पाचवी द्यायचे. पण कागदावर दवाखान्याचे क्रमांक होते, एक ते चोवीस, खोक्यातून निघाल्या त्या क्रमाने. नावं मिळाली तेव्हा जागा गेल्या होत्या. कुठलं नाव कुठल्या वर्तुळात बसत होतं, ते आता कुणालाच सांगता आलं नसतं.

त्यांनी सुरीने फळीवरचा रंग थोडा खरवडूनही बघितला. खाली पांढरंच लाकूड निघालं. रंगाऱ्याने आधी पॉलिश पेपर मारून लाकूड घासलं होतं. काम चोख केलं होतं त्याने.

सोमवार गेला. बुधवार गेला. मुलगी फोनवर म्हणाली, "सुटलीस आई," आणि बाई "हो" म्हणाल्या. गुरुवारी चार वाजता त्यांनी कपबशी काढली, एकच. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. ते बरोबर होतं की नाही, हे सांगायला कुणी नव्हतं.

लोकांना त्यांच्याकडे यायला पुडीचं निमित्त होतं. आपल्याला निमित्त नाही, बाईंच्या मनात आलं. मग त्या स्टुलावर चढल्या, खिळ्यावरून घड्याळ काढलं, त्याच टॉवेलात गुंडाळलं आणि घराबाहेर पडल्या.

दुकान उघडं होतं. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून वाकले होते. गालाची हाडं वर आली होती. बाईंनी टॉवेल काउंटरवर ठेवला. त्यांनी भिंग काढून आधी बाईंकडे बघितलं, मग टॉवेलाकडे, आणि जरा मागे सरले.

"आता काय आणलंत?"

"घड्याळ."

त्यांनी ते उघडलं. बराच वेळ आत बघत होते. चिमट्याने एक चाक हलवलं, सोडलं. मनगट वर करून वेळ पडताळली.

"याला काहीही झालेलं नाही," ते म्हणाले.

"माहीत आहे."

भोवतालची सगळी घड्याळं आपापल्या वेळा सांगत होती. घड्याळजींनी मागचं झाकण लावायला घेतलं, मग लावलं नाही. एका खोक्यात घड्याळ तसंच ठेवलं, वर कागदाची चिठ्ठी चिकटवली आणि तिच्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलं: वैद्यीणबाई. गुरुवार.

"माझ्याकडे चिठ्ठी लावतात हं," ते म्हणाले. "आणि आत काय आहे, तेही मला माहीत असतं."

बाईंनी मान खाली घातली. बोलणं त्यांना लागलं होतं आणि लागायलाच हवं होतं. "पुढच्या गुरुवारी येऊ न्यायला?"

"या. चारला. चहा मात्र पाववाल्याकडचा. तुमच्या हातचं काही घ्यायला मला अजून थोडे दिवस लागतील."

बाई घरी आल्या. बाहेरच्या खोलीत पांढऱ्या भिंती, पांढऱ्या रिकाम्या फळ्या, आणि घड्याळाच्या जागी नुसता खिळा. टिकटिकसुद्धा नव्हती. खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि जमिनीवरून हळूहळू कपाटाकडे सरकत होतं. बाई खुर्ची ओढून त्याच्याकडे बघत बसल्या. किती वाजले हे कळायला आता गुरुवारच उजाडायला हवा होता.